राणीच्या पोटावरची जागा

आज आमच्या कुत्रीला, राणीला, खिडकीशी उताणी झोपवून तिचं पोट नीट पाहिलं. मांडीच्या आतल्या बाजूलगत, पोटावर रुपयाच्या नाण्याएवढी जागा, केस गेलेले, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. खालची निळसर शीर स्पष्ट दिसत होती. कडेला काळे ठिपके, बुजलेल्या केसांच्या मुळांचे. बोटाने हलकेच दाबलं तर बारीक सुरकुत्या पडल्या. काळजात चर्र झालं.

हे मीच केलंय. ऑगस्टमध्ये तिला खाज सुटली, तेव्हा घरातलं नायट्याचं मलम लावलं. दोन दिवसांत लाली गेली, म्हणून लावतच राहिले, दोन महिने. त्यात क्लोबेटासॉल होतं, लावायच्या स्टिरॉइडांमधलं सर्वांत जहाल. ते दाह शमवतं, पण कोलॅजन तयार होणंही रोखतं, म्हणून कातडी झिजत जाते. त्यात पोटाची कातडी मुळातच नाजूक. शिवाय कुत्रं चाटतं, म्हणजे औषध पोटातही जातं. राणी पाणी फार प्यायला लागली होती, रात्री दोनदा बाहेर न्यावं लागायचं. मी ते ऑक्टोबरच्या उकाड्यावर ढकललं.

तिला दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड दबलंय का, ते रक्त तपासून पाहायचं म्हणाल्या. मलम कसं थांबवायचं ते त्याच ठरवतील. कातडी भरायला काही महिने लागतील.

आत्ता ती, चाटू नये म्हणून गळ्यात घातलेली कॉलर दाराला आपटत आली आणि माझ्या पायाशी पोट वर करून लोळली. अजूनही.