अहो, चिपमध्ये दुसराही आहे!

मीटर बघा! १.२ अँपिअर! बॅटरी पार उतरलेली, तरी १.२! हलतच नाही!

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेलो नाही, हे आधीच सांगतो. पण अकोला-अमरावतीकडे कपाशीच्या फवारणीचे दिवस आले की पाठीवरचा बॅटरी पंप सगळीकडे दिसतो, त्यात १२ व्होल्टची, ८ नाहीतर १२ एएचची लेड-ॲसिड बॅटरी, आणि तिला थेट एसएमपीएस (घरच्या विजेचे कमी व्होल्ट करून देणारी पॉवर सप्लाय) जोडली तर रिकामी बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढते, एसएमपीएस बंद पडते, पुन्हा चालू, पुन्हा बंद, टिक टिक टिक! अशा बॅटरीला एएचच्या एक दशांश करंट द्यावा म्हणतात. १२ एएचला १.२ अँपिअर. पण हे एसएमपीएसला कोण सांगणार?

आणि मग कळलं, सांगणारा आतच बसलाय! जाळीदार पत्र्याच्या डब्यातल्या एसएमपीएसमध्ये बऱ्याचदा टीएल ४९४ नावाची सोळा पिनांची चिप असते. तिच्यात तुलना करणारे ॲम्प्लिफायर दोन! दोन! एक व्होल्टेजवर नजर ठेवतो. दुसरा माझ्या डब्यात चक्क गप्प बसवलेला: १६ नंबरची पिन ग्राउंडला, १५ नंबरची ५ व्होल्टला. घरात खर्च बघणारे दोघं असावेत आणि आधी 'पुरे' म्हणेल त्याचं ऐकायचं, तसं या दोघांचं आहे!

मग काय, दोन्ही पिना मोकळ्या केल्या आणि परतीच्या वायरीत ०.१ ओहमचा रेझिस्टर घातला, त्यातून १.२ अँपिअर गेला की त्यावर फक्त ०.१२ व्होल्ट पडतात, ते १६ ला दिले, आणि मग १४ नंबरच्या पिनेवरच्या ५ व्होल्टमधून तेवढेच ०.१२ काढून १५ ला दिले, आणि संपलं! रेझिस्टर तापतो का, हात लावून बघा! पाव वॅटसुद्धा नाही!

पहिल्यांदा डबा किंचाळला. मूर्तिजापूरचा दोस्त म्हणाला, "काहून बे, शिट्टी मारून रायली ना थे!" करंट वाढला की चिप घाईनं कापते, कापला की घाईनं वाढवते. ३ आणि १५ नंबरच्या पिनांच्या मध्ये एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर ओळीनं लावले, आणि एकदम शांत! एवढ्याशा दोन वस्तूंनी!

आतल्या मोठ्या कपॅसिटरवर मात्र ३२५ व्होल्टच्या आसपास असतात, प्लग काढल्यावरही काही वेळ! तिथं बोट नको म्हणजे नको. आणि पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्डावर १०० वॅटचा बल्ब. तो बल्बही करंटच अडवतो की! दुकानातले मिस्त्री वर्षानुवर्षं हेच करत आलेत!

पण खरी मजा पुढे आहे. व्होल्ट चढत जातात, ११, १२, १३, अँपिअर तिथंच, आणि मग १४.४ ला पहिला ॲम्प्लिफायर ताबा घेतो आणि अँपिअर आपोआप उतरायला लागतात! कुणी बटण दाबलं नाही! कुणीच नाही!

आता १५ नंबरच्या पिनेला पॉट (फिरवता येणारा रेझिस्टर) लावायचाय, म्हणजे ८ एएचची बॅटरी आली की फिरवून ०.८ अँपिअर. तुम्ही येताच आहात, तर १ के चा पॉट घेऊन या. दोन आणा!