दिवा, आरसा आणि हॉर्न

होंडाची एक्सआर हंड्रेड ही मुळात वाढत्या वयाच्या पोरांची गाडी. 99 सीसीचं एअर-कूल्ड इंजिन, किक, पाच गिअर, पुढेमागे ड्रम ब्रेक. हेडलाइट नाही, हॉर्न नाही, आरसा नाही, स्पीडोमीटरसुद्धा नाही. इथे ॲरिझोनातल्या टूसॉनच्या आसपासच्या वाळवंटात सुटीच्या दिवशी बापलेक अशा गाड्या पिकअपमध्ये घालून नेतात, सग्वारो निवडुंगांमधून मनसोक्त धूळ उडवतात आणि संध्याकाळी पुन्हा पिकअपमध्ये चढवून घरी आणतात. मातीपर्यंतचा डांबरी रस्ता गाडीला ठाऊकच नसतो.

माझी उंची पाच फूट एक इंच. मोठ्या मोटरसायकलवर बसले की पाय लोंबकळतात. त्यामुळे कुणाचा तरी मुलगा कॉलेजला गेला आणि त्याची एक्सआर गॅरेजमध्ये पडून आहे असं कानावर आलं, तेव्हा मी ती लगेच घेतली. पिकअप मात्र माझ्याकडे नव्हती, आणि घ्यायचीही नव्हती. गाडीने स्वतःच्या चाकांवर मातीपर्यंत जावं, जाताजाता किराणाही आणावा, एवढीच माझी हौस.

ॲरिझोना या हौसेला आडवं येत नाही. हेडलाइट, टेललाइट, ब्रेकलाइट, नंबरप्लेटवरचा दिवा, आरसा, हॉर्न, सायलेन्सर अशी यादी पुरी केली आणि तपासणी झाली की गाडीला रस्त्याचा नंबर मिळतो. शेजारच्या कॅलिफोर्नियात हेच काम जवळपास अशक्य. तिथे धुराचे नियम इतके कडक की मातीसाठी म्हणून कारखान्यातून निघालेली गाडी मातीतच राहते. आपल्याकडे तर विचारायलाच नको. शर्यतीसाठी विकलेल्या गाडीचं आरटीओत पासिंग होत नाही, आणि पासिंग झालेल्या गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम आडवं येतं. कऱ्हाडात मी लहानपणापासून पाहिलं ते नेमकं उलटं. पोरं आरएक्स हंड्रेडचे दिवे, इंडिकेटर, मडगार्ड भराभर उतरवायची आणि तिला मातीत घालायची. उतरवायला एक पाना आणि थोडी मस्ती पुरते. चढवायला बसलं की कळतं, यातली प्रत्येक वस्तू कशासाठी होती.

आणि कळतं ते हे, की या यादीतली जवळपास एकही वस्तू चालवणाऱ्याच्या चैनीसाठी नाही. मातीत गाडीचा संबंध फक्त जमिनीशी. दगड, वाळू, चढ, एवढ्यांशी जमलं की झालं. रस्त्यावर तिने दिसायला हवं, थांबताना तसं सांगायला हवं, मागे कोण आहे याची खबर ठेवायला हवी, नाव विचारलं तर नंबर दाखवायला हवा. इंजिनाची ताकद वाढवा, असं ती यादी कुठेच म्हणत नाही.

खरं काम निघालं विजेचं. मॅग्नेटोत वीज तयार होते, पण या गाडीत ती ठिणगीपुरतीच. दिव्यासाठी वेगळी कॉइल लागते. तयार मिळते, महाग मिळते. मी एक जुनी स्टेटर प्लेट मिळवली, तिच्यावरची दिव्याची कॉइल जळून काळी झालेली. ती नव्याने भरायची ठरवली, कारण हे काम मी घरात पाहिलेलं होतं. माझे काका विहिरीवरच्या पंपाच्या मोटारी भरायचे. ओटीवर जळक्या वार्निशचा वास कायम असायचा. मी व्हिडिओ कॉल लावला आणि प्लेट कॅमेऱ्यासमोर धरली.

"अगं, ही मोटार हाय का खेळणं?" काका म्हणाले. मग चष्मा लावून नीट पाहिलं. "जुनी तार उकलताना फेरे मोज. लिहून ठेव. अंदाजानं भरलेली मोटार पहिल्या उन्हाळ्यात जळती."

फेरे मोजत तार उकलली. गाभ्यावर इन्सुलेशनचा कागद चिकटवला आणि नवी एनॅमलची तार चढवू लागले. तार बोटांतून जाताना तिचा ताण एकसारखा ठेवावा लागतो. सैल पडली तर धक्क्याने घासून एनॅमल जातं, फार ओढली तर गाभ्याच्या कडेवर सोलते. एक थर डावीकडून उजवीकडे, दुसरा उजवीकडून डावीकडे, फेऱ्याला फेरा चिकटून. वर वार्निश. मूळ कॉइलचं एक टोक बॉडीला अर्थ केलेलं होतं. ते मी मोकळं ठेवलं आणि दोन्ही टोकं रेग्युलेटर-रेक्टिफायरला दिली, म्हणजे एसीचा एक अर्धा भाग फुकट जात नाही. पुढे एक छोटी बॅटरी आणि एलईडी दिवे. पूर्वीच्या हॅलोजनने एवढ्याशा कॉइलचा जीव घेतला असता. एलईडीमुळे ही सगळी हौस गरिबाच्या आवाक्यात आली, हे माझं ठाम मत आहे.

टायरची गोष्ट लवकर संपते. गोट्यांचे टायर मातीत पकड धरतात. तापलेल्या डांबरावर त्याच गोट्या वाकतात आणि वळणावर गाडी पायाखाली सळसळते. शिवाय अशा कित्येक टायरांच्या कडेला, हे हमरस्त्यासाठी नाहीत, असं छापलेलंच असतं. एकोणीस आणि सोळा इंची रिमला रस्त्याचे टायर मोजकेच, त्यातून मधलं काहीतरी निवडलं. पुढचं स्प्रॉकेट एका दाताने मोठं केलं. चौदाचे पंधरा दात म्हणजे त्याच आरपीएमला सात टक्के जास्त वेग. चढावर तेवढीच ओढ कमी होते, पण ताशी 60 किलोमीटरला इंजिन किंचाळायचं थांबतं.

कंपन्यांनी हा उद्योग फार आधी केला. यामाहाने 1968 मध्ये अमेरिकेत डीटी-वन आणली, ती मातीची गाडी दिव्यांसकट. खुद्द होंडाने 2005 मध्ये जपानात एक्सआर हंड्रेड मोटार्ड विकायला काढली, बारा इंची चाकं आणि रस्त्याचे टायर लावून. मी फार नवं काही करत नव्हते, हे कळल्यावर जरा बरंच वाटलं.

तपासणी करणाऱ्या बाईंनी ब्रेक दाबून दिवा पाहिला, हॉर्न वाजवून घेतला आणि आरशात स्वतःचे केस नीट केले. नंबर मिळाला.

इंडिकेटर यादीत नव्हते म्हणून मी लावले नव्हते. हाताने इशारा करायचे. इथे उजवीकडे वळायचं तर डावा हात कोपरातून वर उभा करायचा असतो. स्पीडवे बुलेवार्डवर मी तो उभा केला की समोरून येणारे लोक हसून हात हलवायचे. एका ट्रकवाल्याने तर भोंगाही वाजवला. छोट्या गाडीवरची छोटी बाई सगळ्यांना नमस्कार करत चालली आहे, असाच त्यांचा समज. शेवटी इंडिकेटर मागवले, रबरी दांडीचे, म्हणजे मातीत गाडी आडवी झाली तरी ते मोडत नाहीत, वाकतात. एलईडीला साधा फ्लॅशर चालत नाही, दिवे वेड्यासारखे भराभर उघडमिट करतात, म्हणून तोही वेगळा घेतला. आता लोक हात हलवत नाहीत, पण वाट देतात.