कळ

आपल्या भाषेत 'कळ' हा शब्द मोठा मौजेचा आहे. पोटात येते ती कळ, यंत्राची दाबतात तीही कळ, आणि धीर धरायचा म्हणजे पुन्हा कळच काढायची! दुखणे, ते थांबवण्याची युक्ती आणि ते सोसण्याची ताकद यांना आपण एकाच शब्दात बसवले आहे. माझ्या आईला मात्र त्यांतला सोसण्याचाच अर्थ प्रिय.

गेल्या वर्षी नेरूळच्या एका इस्पितळात तिचे पित्ताशय काढले. दुसऱ्या दिवशी परिचारिका डायक्लोफेनॅकची गोळी घेऊन आली, तर आई म्हणते, "नको गं बाई! चार बाळंतपणं झाली माझी, तेव्हा कुठं होत्या गोळ्या?"

डॉक्टर हसले. "आजी, दुखतं म्हणून तुम्ही खोकत नाही, उठून चालत नाही. मग छातीत कफ साठतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. सोसण्यात पुण्य असेल, फायदा नाही."

आईने गोळी घेतली आणि संध्याकाळी माझा हात धरून व्हरांड्यात एक फेरी मारली.

ही गोळी करते तरी काय? जखमेच्या जागी शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार करते. त्यांच्यामुळे सूज येते, ठणका वाढतो. गोळी ती द्रव्ये बनूच देत नाही. अ‍ॅस्पिरिनची ही करामत जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखवली. 1982 च्या नोबेलचे ते एक मानकरी झाले. पण मेख इथेच आहे. हीच द्रव्ये जठराचे अस्तर राखतात, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात. चोराबरोबर पहारेकरीही बांधला जावा, तसा प्रकार! म्हणून फार दिवस घेतली, तर जठरात व्रण, मूत्रपिंडाला इजा आणि हृदयालाही धोका. डॉक्टरांनी आईचे रक्त आधी तपासले आणि पाचच दिवसांच्या गोळ्या दिल्या, त्याही जेवणानंतर.

सहाव्या दिवशी निराळेच नाटक! "गुडघ्यालासुद्धा बरं वाटत होतं रे. आणखी एक पट्टी आण."

आईला मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही. मी नाही म्हटले. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. शेवटी माझ्यातला मास्तर जागा झाला आणि मी तिला गिधाडांची गोष्ट सांगितली. गुरांना हेच औषध देत. मेलेले गुरू गिधाडे खात आणि मूत्रपिंडे निकामी होऊन पटापट मरत. 2004 मध्ये शास्त्रज्ञांनी हे कारण हुडकले. 2006 मध्ये आपल्या सरकारने जनावरांसाठी ते औषध बंद केले. तोवर देशातली बहुतेक गिधाडे संपली होती. शेजारच्या रायगड जिल्ह्यात, म्हसळ्याकडे, उरलेली जगवायला लोकांना केवढे खपावे लागले!

आई बराच वेळ गप्प होती.

"बिचारी! त्यांना कोण सांगणार होतं?" ती म्हणाली, आणि शेजारच्या काकूंनी दिलेली, उशीखाली दडवलेली गोळ्यांची पट्टी तिने मुकाट्याने माझ्या हातावर ठेवली.