ओटीपी चाकणला गेला

गावात संगणक आणण्याचा विषय निघाला की आमच्या क्षेत्रातली माणसं वारणेपासून सुरुवात करतात. मीही तिथूनच करते. १९९८ साली वारणेच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. तेव्हा पुण्यामुंबईतही इंटरनेटची नवलाई होती. शेतकरी संगणकावर बाजारभाव बघेल, पीकसल्ला घेईल अशी स्वप्नं होती. प्रत्यक्षात त्या संगणकांवर मुख्यतः साखर कारखान्याचं काम चाललं. काट्यावर ऊस किती भरला, बिल किती निघालं, खत किती उचललं. यात कमीपणा काही नाही. ऊसवाल्याला जे हवं तेच त्याने घेतलं. पुढे सात गावांत आठ महिने एक प्रयोग झाला. संगणकाऐवजी साध्या मोबाइलवर एसएमएसने तीच माहिती देऊन पाहिली. तो स्वस्त पडला, सोयीचा ठरला आणि शेतकऱ्यांना जास्त आवडला.

या प्रयोगाचं कौतुक करताना एक गोष्ट मात्र राहून जाते. माहिती कचेरीतून खिशात आली, पण खिसा कारखान्याच्या सभासदाचा. आणि सभासद म्हणजे बहुतेक घरांत पुरुष. त्याच उसात भांगलण करणाऱ्या बाईच्या हातात काय आलं, हे कुणी फारसं विचारलं नाही.

मी बचत गटांतल्या बायकांना फोन वापरायला शिकवते. या कामात राहून माझं एक मत पक्कं झालंय. डिजिटल दरी शहर आणि गाव यांच्यामध्ये आहे असं आपण धरून चालतो. तशी ती आहेही. पण तिचा सगळ्यात खोल भाग घराच्या उंबऱ्याच्या आत आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५७.१ टक्के पुरुषांनी आणि ३३.३ टक्के स्त्रियांनी कधी तरी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं. ग्रामीण स्त्रियांमध्ये हे प्रमाण २४.६ टक्के होतं. या आकड्यांनंतर फोन आणखी पसरले हे खरं, पण ते कुणाच्या हातात आहेत हा प्रश्न उरतोच.

सरकारी योजना मात्र घर मोजतात. २०१७ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाचं लक्ष्य सहा कोटी लोकांचं होतं, आणि नियम असा, की एका घरातून एकाला शिकवायचं. आता घरातून एकच जण जायचा तर कोण जाणार? सासू? हिशोब असा, की पोरगा शिकला म्हणजे घर शिकलं. पोरगा शिकतो, आणि कामासाठी बाहेरगावी, चाकणच्या कारखान्यात जातो.

इथून खरी गंमत सुरू होते. आधार काढताना घरात एकच मोबाइल होता, म्हणून आईच्या आधारलाही पोराचाच नंबर. आई सेतू केंद्रात खुर्चीवर बसलेली, ओटीपी जातो चाकणला. पोरगा पाळीवर, फोन लॉकरमध्ये, कारण कित्येक कारखान्यांत तो आत नेऊ देत नाहीत. दहा मिनिटांत ओटीपीची मुदत संपते, आईची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते. ‘साइट बंद आहे, उद्या या’ हे तर नेहमीचंच.

‘लाडकी बहीण’ योजनेच्या ई-केवायसीने २०२५ मध्ये हा सगळा गुंता चव्हाट्यावर आणला. बाईच्या स्वतःच्या ओटीपीबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवरचा ओटीपीही मागितला गेला. नवरा गेलेला, वडील गेलेले, अशा बाईने तो आणायचा कुठून? नंतर मृत्यूचा दाखला वगैरे कागद घेऊन वाट काढली गेली. पण फॉर्म आखताना हा प्रश्न कुणाला सुचला नाही, कारण आखणाऱ्याच्या डोळ्यासमोर स्वतःचा फोन स्वतःच्या खिशात असलेला माणूस होता.

याउलट, शेतकऱ्याने मोबाइल ॲपवरून स्वतःच पिकाची नोंद करायची ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर सुरू झाली. तिच्याबद्दल तक्रारी पुष्कळ, आणि त्यातल्या बऱ्याच रास्त. तरी त्या ॲपमध्ये दोन शहाणपणाच्या गोष्टी आहेत. एकाच मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, आणि शिवारात रेंज नसेल तर पिकाचा फोटो काढून ठेवून रेंजमध्ये आल्यावर माहिती चढवता येते. गावात फोन वाटून वापरला जातो, हे कुणी तरी आधीच मान्य केलं.

शिकवण्याबद्दल थोडं सांगते. संगणकाच्या खोलीत बायकांना ओळीने बसवून माऊस धरायला लावणं मी सोडून दिलंय. ज्या फोनवर काम करायचं त्याच फोनवर शिकवायचं. आधी माइकचं बटण. चौथी शिकलेली बाई टाइप करायला बिचकते. मराठीत बोलून शोधायला एका बैठकीत शिकते. मग बँकेचा मेसेज. तो बहुधा इंग्रजीत येतो, म्हणून ‘क्रेडिट’ आणि ‘डेबिट’ हे दोन शब्द चित्रासारखे ओळखायला लावायचे आणि आकडा वाचायचा. अंगठ्यावर पैसे काढून देणाऱ्या मायक्रो एटीएमवाल्याने ‘अंगठा लागला नाही, परत लावा’ म्हटलं तर प्रत्येक वेळी पावती मागायची. फसवाफसवी तिथेच होते. आणि यूपीआयचा पिन पैसे देताना टाकायचा असतो, घेताना कधीच नाही. फसलोच तर १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, आणि तोही लगेच. एवढं आलं की बाकीचं त्या एकमेकींना शिकवतात, माझ्यापेक्षा चांगलं.

पण नंबरच दुसऱ्याचा असेल तर या शिकण्याचा उपयोग अर्धाच. म्हणून गावोगावच्या ग्रामपंचायतींना माझं सांगणं एकच असतं. नवी खोली, नवे संगणक राहू द्या. आधी आधारमधला मोबाइल नंबर बदलून देणारं शिबिर भरवा. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे पोस्टमन २०२१ पासून हे काम दारात येऊन करतात, हे कित्येक सरपंचांना ठाऊक नसतं.

आणि हा अंक शहरात बसून वाचणाऱ्यांनाही सांगायचंय. या दिवाळीत गावी जाल तेव्हा आधारच्या संकेतस्थळावर आईच्या कार्डाची वैधता तपासा. जोडलेल्या नंबराचे शेवटचे तीन आकडे तिथे दिसतात. ते तुमच्या नंबरचे निघाले तर तिच्या नावावर सिम घ्या आणि परतायच्या आधी तिला आधार केंद्रावर घेऊन जा. ७५ रुपये लागतात.