थरथर कोणती, वळण कोणतं

पांढुर्णा-सौंसर म्हटलं की संत्री आठवतात. संत्र्याला पाणी लागतं, पाण्याला मोटर लागते आणि ऐन उन्हाळ्यात मोटर जळली की ती वाइंडिंगच्या दुकानात येते. माझ्या सासरी असं एक दुकान आहे. धाकटे दीर ते चालवतात. मोटर भरून झाली की रिळावर चार-पाच मीटर तांब्याची तार उरते. पूर्वी ती भंगारात जायची. गेली काही वर्षं ती माझ्या टेबलावर येते आणि तिची रांगोळी होते.

रांगोळी मात्र माहेरची, निपाणीची. आईचं माहेर गोकाककडचं, कन्नड बोलणारं. त्यामुळे आमच्या घरात ठिपक्याला ठिपकाही म्हणत आणि चुक्कीही. तारेला इकडे तार, आजोळी तंती. पोस्टाच्या तारेलाही दोन्ही भाषांनी हीच नावं दिली होती. ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, शब्द तेवढे राहिले. तुमच्यापैकी अनेकांच्या घरात असंच असेल, त्यामुळे जास्त सांगत नाही.

आईची रांगोळीची एक चौकटीची वही आहे. आता ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. हात थरथरतो, अंगणात वाकवत नाही. वहीची पानं पिवळी पडलीत, पेन्सिल पुसट झालीय. त्या रांगोळ्या तारेत उतरवाव्यात असं मनात आलं तेव्हा प्रश्न पडला तो नमुन्याचा. वहीतली रांगोळी वीतभर, मला हवी हातभर. झेरॉक्सवर मोठी केली की रेघ बोटाएवढी जाड होते आणि तार नेमकी कुठून न्यायची ते कळत नाही. तिथे संगणक कामाला आला.

मी वापरते ते इंकस्केप. चित्रं काढायचं हे सॉफ्टवेअर २००३ मध्ये आलं. ते मोफत आहे, कॉलेजातल्या जुन्या संगणकावरही चालतं. त्यातली रेघ म्हणजे रंगाचे ठिपके नसतात, ते वक्राचं गणित असतं. हे वक्र मुळात १९६० च्या सुमारास फ्रान्समधल्या मोटारगाड्यांच्या कारखान्यांत, गाडीच्या पत्र्याचा आकार ठरवण्यासाठी वापरात आले. रेनो कंपनीतले इंजिनिअर पिएर बेझिए यांच्या नावाने ते ओळखले जातात. गणितात मांडलेली रेघ कितीही मोठी केली तरी फाटत नाही, जाड होत नाही.

वहीच्या पानाचा फोटो घ्यायचा, तो पडद्यावर अंथरायचा आणि वरून रेघ गिरवायची. फोटोवरून रेघ आपोआप काढून देणारी सोयही त्यात आहे. पण तिची नेहमीची पद्धत अशी, की पेन्सिलीची रेघ तिला पट्ट्यासारखी दिसते आणि ती पट्ट्याचे दोन्ही काठ काढून देते. एका रेघेच्या दोन रेघा होतात. २०२० पासून मधली एकच रेघ काढायचाही पर्याय आलाय. तरी मी हातानेच गिरवते. गिरवताना जिथे जिथे टिंब द्यावं लागतं, तिथे तिथे पुढे पक्कड थांबणार असते. टिंबं जितकी कमी, तितकं वळण सलग.

मी भूगोल शिकवते, त्यामुळे रेघेची जाडी हा माझा आवडता विषय. पन्नास हजारास एक या प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर पंचवीस मीटर व्यापते. नकाशा काढणाऱ्याला ती नुसती रेघ असते, तिथे राहणाऱ्याचं अख्खं अंगण त्यात जातं. १ नोव्हेंबर १९५६ या एकाच दिवशी माझं माहेर म्हैसूर राज्यात गेलं आणि विदर्भ मुंबई राज्यात जाताना माझं सासर मध्य प्रदेशात राहिलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर वेगळे होऊन आमचा पांढुर्णा जिल्हा झाला. घरात मराठी, कचेरीत हिंदी, हे तसंच आहे. रेघेला जाडी असते हे दोन्हीकडच्या माणसांना शिकवावं लागत नाही.

तारेलाही जाडी असते. वाइंडिंगवाले ती गेजच्या आकड्याने सांगतात. आकडा वाढला की तार बारीक. अठराची तार सुमारे सव्वा मिलिमीटर, विसाची एक मिलिमीटरला थोडी कमी. इंकस्केपमध्ये रेघेची जाडी तेवढीच ठेवली की कुठे दोन तारा एकमेकींना घासतील ते आधीच दिसतं. रेघेची लांबीही त्यात मोजून मिळते. विसाच्या तारेचं वजन मीटरला साधारण सहा ग्रॅम, अठराचं साडेदहा. तेव्हा रिळावरची उरलेली तार पुरेल की नाही, हे कापण्यापूर्वीच कळतं. छापताना प्रमाण शंभर टक्के ठेवायचं. कागदात बसवून छापलं की नमुना आक्रसतो.

मग कागद फळीवर चिकटवायचा आणि ठिपक्याच्या जागी बिनडोक्याचे खिळे ठोकायचे. काही रांगोळ्यांत रेघ ठिपके जोडत जाते, तर काहींत ठिपक्यांना वळसे घालत फिरते. तारेला दुसरी पद्धत मानवते. वहीतली चुक्की फळीवर खिळा होते आणि तार तिच्याभोवती वळते. एकाच तारेत रांगोळी पुरी होईल का, हेही आधी कळतं. ऑयलर नावाच्या गणितज्ञाने १७३६ मध्ये पुलांच्या कोड्यावरून तो नियम दिला. जिथे रेघा मिळतात ते नाके मोजायचे. विषम रेघांचे नाके एकही नसले किंवा दोनच असले, तर हात न उचलता आकृती पुरी होते. चार असले तर दोन तारा लागतात.

बिदरी काम तुम्ही पाहिलं असेल. बिदरचे कारागीर मोरचुदाने काळ्या केलेल्या धातूवर हातानेच नक्षी रेखतात, ती कोरतात आणि खाचेत चांदीची तार ठोकून बसवतात. तिथे खाच तारेला धरून ठेवते. आमच्या तारेला धरणारं काही नाही. जिथे तारा एकमेकींवरून जातात तिथे बारीक तारेने बांधायचं, एवढंच. आणि तांब्याला खोडरबर नाही. तार वाकवून पुन्हा सरळ केली की ती कडक होते. भाऊजी पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "वहिनी, एकदाच वाकवा. घडीघडी वाकवाल त तुटन." कडक झालेली तार लालसर तापवली की पुन्हा मऊ होते, पण त्याआधी तिच्यावरचं वार्निश घासून काढावं लागतं, नाहीतर वाईट धूर होतो. एवढा खटाटोप नको असेल तर चुका पडद्यावरच संपवायच्या.

पण चूक कोणती, हे पडदा सांगत नाही.

आईने काही वर्षांपूर्वी वहीच्या शेवटच्या पानावर एक आठ पाकळ्यांची रांगोळी काढली. हात थरथरायला लागल्यानंतरची ती एकच. प्रत्येक रेघेत बारीक लाटा आहेत, आणि खालची एक पाकळी बाकीच्यांपेक्षा आखूड आहे. इंकस्केपमध्ये रेघ सोपी करायची एक आज्ञा आहे. ती दिली की टिंबं कमी होतात आणि लाटा विरतात. शिवाय एक पाकळी काढून ती फिरवत आठ वेळा उतरवली की सगळ्या तंतोतंत सारख्या होतात.

मला वाटत होतं, लाटा ठेवाव्यात. तोच तर तिचा हात! तरी ठरवण्याआधी मी तीन नमुने छापले: एक थरथरीसकट, एक रेघा गुळगुळीत केलेला, एक सारख्या पाकळ्यांचा. दिवाळीला निपाणीला गेले तेव्हा ते तिच्यापुढे ठेवले.

थरथरीचा कागद तिने लगेच बाजूला सारला. "साकु गं. ही थरथर माझी न्हवं, वयाची आहे. मी काय अशी काढणार होते?"

मग सारख्या पाकळ्यांचा कागद तिने दोनदा फिरवून पाहिला. "छान आहे. पण ही कुणाची?"

मी आखूड पाकळीवर बोट ठेवलं. ती म्हणाली, "ही उंबऱ्याकडची. तुझ्या आजीला दिसायचं कमी. काठी टेकत बाहेर आली की पाय रांगोळीवर पडायचा, आणि मग दिवसभर चुटपुटायची, लक्ष्मीवर पाय दिला म्हणून. मग मी तिकडची पाकळी आखूड केली. तिला सांगितलं नाही कधी."

आजी जाऊन तीस वर्षं झाली. ते घरही आता आमचं नाही. आई मात्र ती पाकळी आखूडच काढत राहिली. मी त्याच अंगणात वाढले, पण ही गोष्ट मला माहीत नव्हती. हात थकलाय म्हणून पाकळी आखूड राहिली असेल, असं कुणालाही वाटलं असतं.

दुसरा नमुना मी तारेत केला: रेघा गुळगुळीत, पाकळी आखूड. विसाची तार, चार मीटरला थोडी कमी, म्हणजे जेमतेम तेवीस-चोवीस ग्रॅम तांबं. ती रांगोळी आता इथे पांढुर्ण्याच्या दारात, आखूड पाकळी उंबऱ्याकडे करून लावली आहे. तांबं काळवंडतं, सासूबाई अधूनमधून चिंच-मीठ लावून लखलखीत करतात. खालची पाकळी लहान का, असं येणारेजाणारे विचारतात. तेव्हा त्याच, निपाणीला कधी न पाहिलेल्या माझ्या आजीची गोष्ट सांगतात.

तुमच्याही घरात अशी एखादी वही असेल: रांगोळीची, भरतकामाची, नाहीतर मेंदीची. फोटो काढून ठेवणं आता सोपं आहे, रेघ सरळ करणं त्याहून सोपं. पण त्याआधी वही काढणाऱ्या माणसाजवळ बसा. प्रत्येक वाकड्या रेघेवर बोट ठेवून विचारा, ही अशी का? मिळेल ते उत्तर त्या रेघेशेजारीच लिहून ठेवा, मराठीत किंवा कन्नडमध्ये, जसं ती व्यक्ती सांगेल तसंच. आमच्या वहीची अजून एकेचाळीस पानं विचारायची राहिली आहेत. मे महिन्याच्या सुट्टीची तिकिटं काढली आहेत.