शिवणीतली माया

पुण्याहून पिरंगुट, पौड ओलांडून ताम्हिणीकडे निघालात, की १९२१च्या सत्याग्रहाने इतिहासात गेलेला मुळशीचा जलाशय सोबतीला येतो. श्रावणात भातलावणी उरकलेली असते. पावसाची झड मात्र थांबत नाही. शेतावरून मोकळे झालेले हात अशा दिवसांत शिवणकामाकडे वळतात.

वाचकहो, भाद्रपदात गौरी येतात, ठेवणीतला शालू बाहेर निघतो आणि दोन बाळंतपणांनंतर त्यावरचा ब्लाउज अंगात शिरत नाही. मग कित्येकजणी जेवण तोडतात आणि चक्कर येते म्हणून दवाखान्यात येतात. त्यांना मी शिवणीची आतली बाजू पाहायला सांगतो. जाणत्या शिंप्याने तिथे जादा कापड राखलेले असते. त्याला आपल्या भाषेत ‘माया’ म्हणतात!

जुनी टीप हलक्या हाताने उसवा. कच्चा दोरा घालून अंगाला लावून पाहा, मगच पक्की टीप मारा. माया पुरत नसेल, तर काखेखाली जुळत्या कापडाची पट्टी जोडा. चाळिशी उलटली असेल तर चष्मा लावा, उजेडाकडे तोंड करून बसा आणि अर्ध्या तासाने उठून मान-पाठ मोकळी करा. टाक्यांत लक्ष गुंतले, की मनाची घालमेलही निवते.

वजनाचा विचार जरूर करावा. पण तो रक्तदाब आणि रक्तातली साखर पाहून, ब्लाउज पाहून नव्हे. आणि लेकीसाठी नवे शिवाल, तेव्हा शिवणीत बोटभर माया अवश्य सोडा.