खुलताबादचा रिकामा मकबरा

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरची मंडळी नागपूरहून खुलताबादला निघालो. गाडीत मुलांच्या गप्पा अर्तुग्रुल मालिकेच्या. घोडे, तंबू, तलवारी! आम्ही दोघेही शिक्षक, गप्प कसे बसणार? मध्य आशियाच्या गवताळ माळरानावर घोडे-मेंढरे घेऊन फिरणारी ही माणसे, म्हणून तर घर तंबूचे. त्यांच्या छावणीला 'ओर्दू' म्हणत. आपल्या उर्दूचे नाव त्यावरूनच. घरातली कैचीसुद्धा तुर्कांकडून आली, हे ऐकून धाकटी खुदकन हसली. पुढे ते अनातोलियात स्थिरावले. १४५३ मध्ये आशिया आणि युरोप जिथे समोरासमोर येतात ते इस्तंबूल हाती आले आणि तंबूतल्या लोकांनी घुमटांचे शहर उभे केले.

वर्धा नदी ओलांडली की वऱ्हाड लागते. शेवटचे उस्मानी खलिफा अब्दुल मजीद यांची कन्या दुर्रुशेहवार हिचा निकाह १९३१ मध्ये निजामपुत्र आझम जाह यांच्याशी झाला. १९३६ मध्ये त्यांना 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. म्हणजे इस्तंबूलची शहजादी आपल्या अकोला-अमरावतीची राणी! (कारभार मात्र इंग्रजांच्याच हाती होता.)

खुलताबादला दर्ग्यांची जियारत करून आम्ही डोंगराळ भागातल्या मकबऱ्याकडे गेलो. निजाम मीर उस्मान अली खान यांनी तो या व्याह्यांसाठी बांधला. आजूबाजूला माणूस नाही. आत कबरही नाही.

१९२० च्या डिसेंबरात नागपुरात काँग्रेसचे अधिवेशन भरले, असहकाराचा ठराव पक्का झाला. त्यामागे खिलाफतीचे दुःखही होते. आमच्या दादीजान सांगायच्या, त्यांच्या अम्मींनी कानातल्या चांदीच्या बाळ्या खिलाफत फंडात दिल्या होत्या. पुढे मार्च १९२४ मध्ये तुर्कस्तानने स्वतःच खिलाफत मोडीत काढली आणि खलिफांना देशाबाहेर पाठवले. बाळ्या गेल्याचे त्यांना वाईट वाटले नाही, खलिफा बेघर झाल्याचे वाटले.

१९४४ मध्ये पॅरिसला त्यांचा इंतकाल झाला. वतनात दफनाची परवानगी मिळाली नाही. मय्यत दहा वर्षे पॅरिसच्या मशिदीत राहिली. इथला मकबराही त्यांच्या नशिबी नव्हता. १९५४ मध्ये मदीनेत दफन झाले.

"मग फातिहा कोणासाठी पढायची?" धाकटीने विचारले. आम्ही मदीनेतल्या खलिफांसाठी पढलो, दादीजानच्या अम्मींसाठीही पढलो आणि ऊन चढायच्या आत खाली उतरलो.